बाळाराम आणि फ्रान्सची पोरं

२०२२ साल सरत आलेलं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा बाळारामशी माझं शेवटचं बोलणं झालं. बोलणं कसलं, चार लोकांसमोर मी त्याला एक सवाल टाकला आणि उत्तर न ऐकता उठून आलो. त्यानंतर पंधरवड्यात तो गेला. त्याची सून सकाळी दारात येऊन म्हणाली, "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "कुठे?" ... दोन दिवस हॉस्पिटलात बसून आलेलो, तरी इतका मी बेसावध होतो.

आमची ओळख वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात झालेली. मी लांज्याकडून आलेला चौथी पास पोरगा, तो डोंबिवलीच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातला. त्याच्या घरात तीन पिढ्या मिठागरावर राबलेल्या. आमच्या मोठ्या साहेबाला फुटबॉलचं वेड होतं, म्हणून कंपनीची टीम होती. बाळाराम पुढे खेळायचा, मी गोलात उभा राहायचो. रंगाने तो काळाकुट्ट. बाहेर मॅचला गेलो की कडेला बसलेले लोक ओरडायचे, "अरे, मिठागरातून हा कोळसा कसा निघाला?" तो हसायचा, मीही हसायचो. वाटायचं, त्याला काही लागत नाही. त्यानेच मला त्याच्या वडिलांच्या चाळीत खोली मिळवून दिली. आज त्या चाळीच्या जागी सात मजली बिल्डिंग आहे. तिच्यात खाली त्याचं घर, वर माझं. पन्नास वर्षांत आमची चूल वेगळी होती एवढंच. त्याच्याकडे खाडीतली मासळी, निवट्या शिजल्या की माझ्याकडे वाटी यायची आणि गावाहून फणस आला की पहिला त्याच्या ओट्यावर फुटायचा.

फुटबॉल त्याच्या गावात त्यानेच नेला. मिठागराच्या कडेला सुकलेल्या खाजणात, खाडीच्या चिखलाच्या जमिनीत, बांबूचे गोल उभे करून आम्ही खेळायचो. मग आजूबाजूच्या गावांची मिळून स्पर्धा सुरू झाली. नियम एकच, गाव मर्यादित. म्हणजे ज्या गावाची टीम, त्याच गावचा खेळाडू. पहिल्याच वर्षी फायनलपर्यंत मीच गोल राखला, कोणाला काही वाटलं नाही. फायनलच्या दिवशी समोरच्या गावाने बोट दाखवलं, हा कोकणातला, भाडेकरू, हा तुमचा कसा? जुनी माणसं बाजूला जाऊन बोलली. मग बाळाराम माझ्याजवळ आला. तो कॅप्टन होता. खाली बघत म्हणाला, "दत्ता, आज जरा बस."

मी अंगातला शर्ट काढून त्याच्या हातात दिला आणि घरी आलो. त्यांनी फायनल जिंकली. पुन्हा मी त्या मैदानाकडे फिरकलो नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. एकदाही नाही. त्याने काढलं नाही, मी काढू दिलं नाही.

म्हातारपणी आम्हाला टीव्हीवरच्या फुटबॉलचा नाद लागला. २०२२ च्या विश्वचषकाची फायनल पाहायला गावातल्या पोरांनी देवळासमोर मोठा पडदा लावलेला. एका बाजूला अर्जेंटिना, दुसरीकडे फ्रान्स. सगळी आळी अर्जेंटिनाची. फ्रान्सची पोरं राष्ट्रगीत म्हणायला रांगेत उभी राहिली तशी मागून आवाज आला, "ही काय फ्रान्सची टीम हाय? सगला आफ्रिका उचलून आनलाय!" दुसरा म्हणाला, "गोरे कुठं गेले रे, सुट्टीवर?" मोठा हशा पिकला. नंतर एकेका काळ्या खेळाडूच्या पायात बॉल गेला की माकडासारखे आवाज निघायला लागले. बायका, पोरीबाळी बसलेल्या, त्याही हसत होत्या. कोणाच्या मनात फार वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे असंच चालतं. जो काळा, तो इथला नाही, त्याला कोणीतरी आणलेला.

बाळाराम खुर्चीवरून उठला. काठी टेकत जाऊन पडद्यासमोर उभा राहिला. त्याची सावली अर्ध्या मैदानावर पडली.

"काका, बाजूला व्हा ना, गोल जाईल!"

"जाऊ दे. मना सांगा, ती पोरं कुठं जल्मली? बहुतेक तिकरंच ना? शाला तिकरं, खेल शिकली तिकरं. त्यांचेच देशासाठी घाम गालतान. आनखी काय पायजे तुमाला, त्यांचा सातबारा?"

"काका फ्रान्सचे जावई झाले रे!" कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा.

"हसा. आमालापन असंच हसायचं लोक," बाळाराम म्हणाला.

तेव्हा मला कळलं, ते 'कोळसा' त्याला तेव्हाही लागलं होतं. पण कळलं तरी मन वळलं नाही. उलट आत काहीतरी पेटलं. सातासमुद्रापलीकडच्या पोरांसाठी हा उभा राहतो, भर मंडळीत लोकांची टिंगल अंगावर घेतो ... आणि माझ्या वेळी याने खाली बघितलं. मी उभा राहिलो आणि विचारलं, "मग मी कुठला, बाळाराम?"

पोरांना काही समजलं नाही. त्याला समजलं. तो पडद्यासमोरून बाजूला झाला. म्हणाला, "उद्या घरी ये. बोलू."

मी गेलो नाही. जिना उतरायला मला एक मिनिट लागतं. पण मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षांनी बोलायचंय तर त्याने वर यावं. त्याचे गुडघे गेलेले, जिना चढणं त्याला होत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरीही म्हटलं, यावं. मग त्याला दम लागला, हॉस्पिटलात नेलं, मी बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसलो. आत सोडलं तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. सवाल विचारल्याचा मला आजही पस्तावा नाही. सवाल बरोबर होता. पण उत्तर ऐकायला जायला हवं होतं.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर त्याचा मुलगा नरेश माझ्याजवळ येऊन बसला. "काका, तुम्हाला ठाऊक नसेल. त्या विश्वचषकाच्या फायनलनंतरच्या रविवारी बाबा आपल्या स्पर्धेच्या कमिटीच्या बैठकीत गेलेले."

"कशाला?"

"गाव मर्यादितचा नियम काढा म्हणाले. जो गावात राहतो तो गावचा, त्याला खेळू द्या. चाळीतली, बिल्डिंगमधली, भय्यांची, सगळ्यांची पोरं. सगळे हसले. आमच्याकडे रीत आहे ना, बैठकीत उभं राहून मुद्दा मांडायचा आणि दुसरा कोणी सोबत उभा राहिला तरच तो चर्चेला घ्यायचा. कोणी उभं राहिलं नाही. मीही नाही, काका ... कमिटीतल्यांशी माझा धंदा आहे."

"मग?"

"घरी येऊन म्हणाले, दत्ता येल. तो आला का आमी दोघं जाऊ. जिन्यावर पाय वाजला की दाराकडे बघायचे."

मी हात धुवायला उठलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिलो.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी देवळाच्या मंडपात गेलो. कमिटी बसलेली, येत्या स्पर्धेची बोलणी चाललेली. अध्यक्ष माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "या काका, बसा, चहा घ्या." मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाळारामने एक मुद्दा मांडलेला. त्याला दुसरा माणूस पाहिजे होता. मी आलोय."

अध्यक्ष शेजाऱ्याकडे बघून हसला. "अहो काका, पण दुसरा माणूस गावचा लागतो. आणि बाळारामकाका तर आता नाहीत. बसा तुम्ही."

मी बसलो नाही.