तांडेलाच्या घरची बोंडं

हिरामावशी सफरचंद हातात घेतलं की आधी देठाजवळ अंगठा दाबून बघायची. जन्मभर मासळी विकलेली बाई. ताजं-शिळं तिला अंगठ्याने कळायचं. मग ते नाकाशी न्यायची, मान हलवायची आणि निकाल द्यायची, "हे खायाचं नाय. हे बोंडात घालायचं." तिच्या घरात आलेल्या प्रत्येक सफरचंदाचं शेवटी बोंडच व्हायचं. तरी ही परीक्षा तिने कधी चुकवली नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कढईपुढे बसली होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, लॅबमध्ये, मला नोकरी लागली होती आणि मी साताऱ्याहून ट्रंक घेऊन आले होते. बोईसरमध्ये एकेका खोलीत इतक्या मुली कोंबलेल्या, की श्वास घ्यायलाही नंबर लावावा लागेल. कोणीतरी म्हणालं, किनाऱ्यावरच्या गावात जा, मच्छीमारांच्या घरी पुढची खोली मिळते. म्हणून मी तिच्या दारात उभी राहून भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर तिने झाऱ्यातलं एक बोंड माझ्या तळहातावर ठेवलं.

"आधी खा, मंग बोल," ती म्हणाली.

बोंड चटका देणारं होतं. मी ते या हातातून त्या हातात नाचवलं तशी ती हसली. आमच्याकडे गुलगुले करतात, इकडे केळ्याची बोंडं करतात हे ऐकून होते. पण यात दाताखाली काहीतरी आंबटगोड, मऊ लागत होतं. सफरचंद का, असं मी विचारलं. तिने हनुवटीने आतल्या खोलीकडे दाखवलं. "आजाऱ्याचं घर हाय, बाय. दुसरं काय येणार?"

आतल्या खोलीत तिचा नवरा होता. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे तांडेलच म्हणत. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. त्याच्या शब्दापुढे खलाशी शब्द काढत नाहीत. असा हा माणूस एका सकाळी बंदरावरच कोसळला आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. मी राहायला आले तेव्हा त्याला फार दिवस झाले नव्हते. रोज कोणी ना कोणी बघायला यायचं आणि येताना पिशवीत सफरचंदं आणायचं. ज्या माणसाला सणासुदीला कोणी फळ दिलं नाही, त्यालाही अंथरूण धरलं की आपण सफरचंदं नेऊन देतो. कोणी ठरवलंय कोण जाणे. तांडेलाला तर तोंडाच्या एकाच बाजूने चावता यायचं. कच्च्या फोडी त्याच्या गालात तशाच राहायच्या. टोपलीत सफरचंदं साठत, पिठूळ होत आणि बोंबलाचं शेपूटही वाया न घालवणाऱ्या हिरामावशीचा जीव तुटत असे. त्यातून ही बोंडं निघाली.

ती करायची म्हणजे काही थाट नव्हता. "दुकानात पळापळ करून केलं त्यात काय केलं? घरात हाय त्यात होयाला पायजे," हे तिचं म्हणणं. गूळ पाण्यात विरघळवून ठेवायचा. सफरचंद अर्धं किसायचं आणि अर्धं बारीक चिरायचं, म्हणजे तांडेलाला गिळता येतं आणि पाहुण्याला सफरचंद खाल्ल्यासारखं वाटतं. त्यात मावेल तेवढी कणीक, कुरकुरीत व्हायला तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, बडीशेप, असली तर वेलची. पीठ हातातून सैल पडेल इतकंच पातळ. थोडा वेळ झाकून ठेवायचं, तेल बेताचं तापवायचं आणि बोटांनी सोडायचं. मोठ्या आचेवर घाई केली तर वरून काळं होतं आणि आत पीठ कच्चं राहतं. मी एकदा तसंच केलं. माझी सगळी बोंडं तिने स्वतः खाल्ली आणि तांडेलासाठी दुसरी केली.

आलेल्या माणसाला बोंड खाल्ल्याशिवाय उठू द्यायचं नाही, हा तिचा नियम होता. काल आलेल्याची सफरचंदं आज आलेल्याच्या पोटात जायची. कोणी रिकाम्या हाताने आलं आणि ओशाळलं, तर ती म्हणायची, "सफरचंद बाजारात पण भेटतं रे. माणूस दारात यायला पायजे." आतून तांडेल घशातून आवाज काढायचा. तो त्याचा हसण्याचा आवाज होता. माणसं त्याच्या खाटेभोवती बसून बोट, जाळी, डिझेल असलं काहीबाही बोलायची. तो बोलायचा अडखळत, पण ऐकायचा अख्ख्या अंगाने. त्यातला भास्कर त्याचा विशेष लाडका. पोरवयात त्याच्या हाताखाली लागलेला, आता त्याच बोटीचा तांडेल झालेला.

मग माणसं यायची कमी झाली. यात कोणी वाईट नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. जो मरत नाही आणि बराही होत नाही, त्याच्याकडे काय बोलायला जायचं हेच लोकांना सुचत नाही. मासळी घटली होती, दोन-तीन खलाशी जाळी सोडून कारखान्यात लागले होते. एक पावसाळा गेला आणि दारातल्या चपलांमध्ये तिच्या आणि माझ्या एवढ्याच उरल्या. टोपली रिकामी पडली. तांडेल काही विचारायचा नाही. त्याने फक्त भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं. हिरामावशी पेजेची वाटी घेऊन बसायची आणि पेज निवेपर्यंत तशीच बसून राहायची. तिचा एवढा मोठा आवाज, बाजारात चार टोपल्यांपलीकडे जाणारा. तो त्या दिवसांत मी ऐकलाच नाही.

आणि एका सकाळी टोपलीत पुन्हा सफरचंदं दिसली. कढई चढली, तेलाचा आणि वेलचीचा वास घरभर सुटला. हिरामावशी आत जाऊन सांगत होती, "भास्कर आलता. तुमी झोपलेले. उठवू नको म्हणाला, ही ठेवून गेला." तांडेलाने मान वळवली. चार बोंडं खाल्ली. मी पुढच्या खोलीतच होते, रात्रपाळी करून नुकतीच आलेले. माझ्या खोलीतून गेल्याशिवाय त्या घरात मांजरसुद्धा शिरत नाही. माझा डोळा लागला असेल, असं मी मनाला समजावलं.

पुढच्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात मी तिला फळांच्या गाडीपाशी पाहिलं. ती एकेका सफरचंदाच्या देठाशी अंगठा दाबत होती आणि गाडीवाला हिंदीत वैतागत होता. मला बघून तिचा हात थांबला. पकडल्यासारखी नाही, दमल्यासारखी दिसली. "घरी बोलू नको, बाय," एवढंच म्हणाली. परत येताना रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाव आल्यावर मला विचारलं, आज कोणाचं नाव सांगू? भास्करचं दोनदा झालं होतं.

तेव्हापासून ते घर असंच चाललं. कधी भास्कर, कधी वाणगावचा मेहुणा, कधी केळव्याहून आलेला कोणी जुना सोबती. सगळे तो झोपलेला असतानाच यायचे आणि सगळे सफरचंदं आणायचे. ती त्यांचे निरोपही सांगायची. निरोप तिला बरे जमायचे. मला मात्र ते ऐकवत नसे, मी कानावर पांघरूण ओढून पडायची.

एका दुपारी ती औषधं आणायला पालघरला गेली होती आणि मी तांडेलाजवळ बसले होते. मागच्या भिंतीला पाणी लागल्याचा आवाज येत होता. घर खाडीला पाठ करून होतं. पुनवेला आणि अवसेला उधाणाचं पाणी थेट भिंतीपर्यंत चढायचं. पाण्याला ओढ असते ती त्याच दिवसांत, इथल्या बोटींची जाळी चालतात तीही तेव्हाच. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतं, त्याला ते भांग म्हणतात. तेव्हा बोटी बंदरात उभ्या राहतात, माणसं जाळी शिवतात, एकमेकांकडे जातात. हे सगळं मला तांडेलानेच कधीतरी तोडक्या शब्दांत शिकवलं होतं.

तो बराच वेळ आवाज ऐकत होता. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "ती सांगते, भास्कर काल आलता. काल पुनव व्हती. उधाणात बोट टाकून भास्कर कोणाच्या घरी बसायला जाणार नाय. मीच शिकवलाय त्याला."

एवढी मासळीवाली बाई, पण वर्षभर बंदरावर गेली नव्हती. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा यांत तिथी तिच्या डोक्यातून निसटली होती. भिंतीला पाणी लागलेलं तिला ऐकू येत नव्हतं आणि याला दुसरं काही ऐकायलाच नव्हतं. तो पहिल्या दिवसापासून समजून होता.

"तिला सांगू नको," तो म्हणाला. "बोंडं करते तेव्हा जरा बोलते तरी."

मला ते सहन झालं नाही. मी भांगाचे दिवस बघून बंदरावर गेले आणि जाळं शिवत बसलेल्या भास्करला गाठलं. भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, दोनदा दारापर्यंत येऊन माघारी गेलो. "ज्याच्या आवाजाला आमी थरथरायचो, त्याच्या तोंडातनं लाळ गळते ती हिरामामी पुसते. मला बघवत नाय." येतो म्हणाला, नक्की येतो. मी भांग संपेपर्यंत रोज पुढच्या खोलीत दार उघडं ठेवून बसले. तो आला नाही.

तांडेल गेला तो अवसेच्या सकाळी. झोपेतच गेला. गावात मयत झालं की बोटी सुटत नाहीत, म्हणून भर उधाणात सगळ्या बोटी बंदरात उभ्या राहिल्या आणि सगळी माणसं त्या घरात आली. ज्यांची नावं हिरामावशीने खोटी घेतली होती ती सगळी. वाणगावचा मेहुणा, केळव्याचा सोबती, कारखान्यात लागलेले खलाशी सुट्टी टाकून. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. भास्कर तांडेलाच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता. आणि त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. मयताच्या घरी सफरचंदं कोणी नेत नाही. पण आणायची म्हणून कधीची मनात असतील आणि निघताना हाताने आपोआप घेतली असतील. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने ती त्याच्या हातातून काढून चुलीपाशी ठेवली.

दुपारी त्याला नेणारे परत आले, माणसं पांगली. सुतकाच्या घरात तळण होत नाही. कढई धुऊन भिंतीशी पालथी घातली होती. हिरामावशी तिच्याकडे बघत बसली होती. मागे भिंतीला पाणी लागलं. तिने मान वर केली आणि खूप दिवसांनी ते ऐकलं.

"उधाण हाय," ती म्हणाली. मग बोटांवर तिथी मागे मागे मोजत गेली आणि थांबली. "बाय, मी त्या पुनवेला भास्करचं नाव घेतलेलं."

मी खाटेवरचं अंथरूण गुंडाळायला घेतलं.

"त्यांना कळलं असल."

नाही, असं मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं, अंगठा दाबून बघावं तसं, आणि तिला ताजं-शिळं कळलं. "कळलेलं तर मंग खाल्ली कशाला?" असं ती मला नाही, त्या रिकाम्या खाटेला विचारत होती. त्यानंतर ती रडली. नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती इतकं रडली. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला आणखी रडवणारं होतं.

दिवस झाले, सुतक फिटलं, गोडाचं जेवण झालं. जेवायला गाव होतं. जाताना प्रत्येकजण सांगून गेला, मामी, काही लागलं तर हाक मारा, आमी येतो. तिने प्रत्येकाला विचारलं, भांगात येशील? प्रत्येकजण हो म्हणाला.

अष्टमीला मी रात्रपाळी करून आले, तर तिने कढई चढवली होती. भास्करची सफरचंदं आता अगदी पिठूळ झाली होती. ती नेहमीसारखीच अर्धी किसली, अर्धी चिरली. ताट भरून बोंडं झाली. दार सताड उघडं होतं. समोर बंदरावर बोटी उभ्या होत्या आणि माणसं सावलीला बसून जाळी शिवत होती. त्यांचे आवाज आम्हाला घरात ऐकू येत होते. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही.

बोंडं केव्हाच निवून मऊ पडली होती. संध्याकाळी तिने त्यातलं एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. या वेळी फक्त "खा" म्हणाली.

मी खाल्लं.