आक्कांची भाकड शेळी

"ते मग," असं म्हणून आक्कांनी तोंड फिरवलं, की बोलणं संपलं. शेळी किती दिवसांनी माजावर येते? "एकवीस." आली हे ओळखायचं कसं? "ते मग." एक पायरी चढल्याशिवाय दुसरी दाखवायची नाही, असा त्यांचा खाक्या. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांना सगळं येतं आणि जी धड काही सांगत नाहीत. माझं डोकं फिरायचं. मी संगणकवाला माणूस. काम सुरू करायच्या आधी मला शेवटचं पान बघायला लागतं.

आक्का वारज्याच्या मूळच्या. माझ्या वडिलांनी तिथं घेऊन ठेवलेल्या पाच गुंठ्यांना लागूनच त्यांचा गोठा होता. मी राहायला कोथरूडला. मोबाइलवर येणारा फोन तेव्हा नुकताच फुकट झाला होता, त्यामुळे साहेब मला कुठंही गाठायचा. रविवारी डोकं शांत करायला मी त्या जागेवर जाऊन बसायचो, आणि आक्का कुंपणापलीकडून विचारायच्या, नुसतं बसून काय उगवतंय? पुढं त्यांच्या मुलाने जमीन बिल्डरला दिली, बदल्यात दुसरीकडे सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि शेळ्या विकायला काढल्या. सगळ्या गेल्या. चंद्री तेवढी राहिली, कारण तिच्यापुढं आक्का हटून बसल्या.

चंद्रीची आई, आजी, पणजी, सगळ्या आक्कांच्या हाताखाली व्यायलेल्या. तो वेल आता या एका शेळीवर येऊन थांबला होता, आणि ती वर्षभर भाकड. मुलाने खाटकाशी बोलूनही ठेवलं होतं. एका रविवारी आक्कांनी तिचं दावं माझ्या हातात दिलं.

"हिला कापायला द्यायची न्हाय. एक पाट झाली तिला, की मी सुटले."

पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, हेसुद्धा मला विचारावं लागलं. मी हो म्हणून बसलो. घरी बायको म्हणाली, आपण प्राणिसंग्रहालय काढलेलं नाही. दिवाळीपर्यंत गाभण राहिली नाही तर ज्याची त्याला परत. परत म्हणजे कुठं, ते मला माहीत होतं आणि आक्कांनाही.

चंद्रीला माझ्या जागेवरच बांधली. रोज सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून वारज्याला जायचं, चारापाणी करायचं, असं सुरू झालं. एक दिवस चंद्री सारखी ओरडायला लागली. शेपटी हलवत होती, पाल्याला तोंड लावत नव्हती. मला वाटलं, आक्कांची आठवण आली. मी गूळ घातला, पाठीवरून हात फिरवला आणि ऑफिसला गेलो. दोन दिवसांनी मोठ्या कौतुकाने आक्कांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आरं इंजिनेर, माजावर आली हुती ती. माजी आठवण कशाला काढंल?"

झालं. आता पुन्हा एकवीस दिवस. हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून मी चडफडत जिना उतरलो. लिफ्ट बंद होती.

पुढच्या खेपेला मी जय्यत तयारी केली. कॅलेंडरवर खूण, ऑफिसात रजा. माज सकाळी दिसला तर बोकड संध्याकाळी दाखवायचा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढं आक्कांकडून महत्प्रयासाने काढून घेतलं होतं. शिवणे गावच्या एका माणसाचा बोकड आदल्या दिवशीच आणून बांधला. बोकडाचा वास तुम्ही कधी घेतलाय? नसेल तर घेऊ नका. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त गृहस्थ कुंपणाशी आले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "अहो, आपण इथं काही पुरलंय का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाण्याचा पाइप लावला, घरून बायकोचा शाम्पू आणला आणि त्या बोकडाला दोनदा खसाखसा चोळून आंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी चंद्री माजावर आली, अगदी ठरल्या वेळेला. पण बोकडाकडे ढुंकून बघेना. तो जवळ आला की शिंगं रोखायची. तोही बिचारा मार खाल्ल्यासारखा कोपऱ्यात उभा राहिला. संध्याकाळ गेली, दुसरी सकाळ गेली आणि माज ओसरला.

आंघोळीचं सांगितल्यावर आक्का हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्या हसल्या नाहीत. खिडकीतून खाली बघायला लागल्या.

"वासच धुतलास व्हय? मग तिनं गडी वळखायचा कशानं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवाळीला दीड महिना राहिला होता, आणि गाभण राहिली की नाही हे कळायलाच एकवीस दिवस लागणार, म्हणजे हाताशी एकच खेप. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्यांचा रागही तेवढाच आला.

तिसऱ्या खेपेला आक्का स्वतः रिक्षाने आल्या. मुलगा नको म्हणत होता, कारण त्यांना दम लागायचा. सकाळपासून त्या उपड्या घमेल्यावर बसून राहिल्या. बोकड पुन्हा आणला होता, चांगला घमघमत होता, आणि शेजारच्या बंगल्याच्या खिडक्या फटाफट लागल्या होत्या. चंद्री ओरडत होती. मी विचारलं, सोडू का? "ते मग." तासाभराने विचारलं. "ते मग." दुपार कलल्यावर मात्र माझा संयम सुटला. आक्का, ही शेवटची संधी आहे, दोनदा तुमच्या न सांगण्यापायी हुकली, असं मी चक्क ओरडून बोललो.

त्या अजिबात चिडल्या नाहीत.

"तुला समदं आदीच सांगितलं आस्तं, तर तू कागदाकडं बघत बसला आस्तास. शेरडाकडं कोण बघणार?"

मग त्यांनी मला चंद्रीच्या कमरेवर हात दाबून ठेवायला लावला. सकाळी हात लावला की ती पुढं सरकत होती. आता जागची हलली नाही, उलट पाय रोवून उभी राहिली. आक्का म्हणाल्या, "सोड."

एकवीस दिवस मी जीव मुठीत धरून काढले. बाविसाव्या, तेविसाव्या दिवशीही चंद्री उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. मी फोन केला. आक्का नुसतं "बरं" म्हणाल्या. पण फोन ठेवायच्या आधी सुनेला शिरा करायला सांगताना मला ऐकू आल्या. दिवाळी चार दिवसांवर होती, आणि बायकोने परत पाठवायचा विषय काढला नाही.

पाच महिन्यांनी चंद्री व्यायली. एकच करडू, आणि पाट! तोवर आक्कांनी अंथरूण धरलं होतं. सातव्या मजल्यावरून त्यांना खाली आणणं शक्य नव्हतं. मी फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, पिल्लाला सड किती? दोन. मग बरोबर आहे, जादा सड म्हणजे खोड. आधी पिल्लाला चीक पाज, तासाच्या आत, तुझं कौतुक नंतर.

आता धार काढायची. कास कोमट पाण्याने पुसली, पहिल्या दोन धारा वेगळ्या काढल्या. सड ओढायचा नाही. वर अंगठ्याने आणि बोटाने आवळायचा आणि खालची बोटं एकेक करून दाबायची. सगळं बरोबर केलं. पण चंद्री माझ्या हाताखाली पान्हा चोरायची. लाथ मारून भांडं उलथवायची. चार दिवस मी पँट भिजवून ऑफिसला जात होतो. शेवटी वैतागून फोन केला, की आक्का, तुमची शेळी तुम्हीच ठेवा.

"फोन लाव तिच्या कानाला," आक्का म्हणाल्या.

मी स्पीकर लावून फोन रुमालाने खुंटीला बांधला. पलीकडून दम खात, थांबत थांबत आवाज यायला लागला. "चंद्रे, सोड गं माजे बाय. चांगला हाय त्यो. येडा हाय, पण चांगला हाय." चंद्रीने कान टवकारले, रवंथ थांबवला, आणि हाताखाली कास भरून आली. भांड्यात धार वाजली. मला हसावं की रडावं कळेना.

तेव्हापासून रोज सकाळी सातला आक्का फोन करायच्या. माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. थेट शेळीशी. दोन महिने असे गेले, आणि पाट चांगली अंगाने भरली.

एका सकाळी सातला फोन वाजला. आक्कांचाच नंबर. मी बटण दाबलं, फोन खुंटीला बांधला आणि भांडं घेऊन बसलो. पलीकडे त्यांचा मुलगा होता.

"दादा, आई गेली. आत्ता तासाभरापूर्वी. रात्रीच सांगून ठेवलं होतं तिनं, मी नसले तर सातला तू फोन कर, चुकवू नको." हाच मुलगा खाटकाशी बोलून आला होता. "दादा, मी काय बोलू तिच्याशी?"

चंद्री फोनकडे कान लावून उभी होती, आणि पाट तिच्या पोटाखाली ढुशा देत होती.