शंकररावांच्या टॅक्सीचं तेल

तेलाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाच्या कपड्यांना डाग पडतात, तसे त्याला किस्सेही चिकटतात. डाग आमच्या सौभाग्यवतीने रॉकेल चोळून बरेचसे काढले. किस्स्यांवर मात्र तिचा इलाज चालला नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या महाल भागात इंजिन ऑइलच्या एका दुकानात मी काउंटरवर होतो. शेजारच्या टिनाच्या शेडमध्ये रामाजी मिस्त्रीचं गॅरेज. डब्यांवरचं इंग्रजी मी वाचून दाखवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मास्तर स्वतः सायकलवर यायचे, ते सोडा.

आमच्याकडे तेल तीन नंबरांचं: तीस, चाळीस आणि पन्नास. नंबर जितका मोठा, तितकं तेल घट्ट. पण गिऱ्हाइकाने आपल्या तोंडाने नंबर सांगितलेला मिस्त्रीला खपत नसे. "गाडी तेल खाते" असं कोणी म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "धूर का थेंब?" मागून निळा धूर निघत असेल तर इंजिन तेल जाळतंय, खाली थेंब पडत असतील तर गळतंय. औषध त्यावरून ठरायचं.

एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, "दोन्ही."

मिस्त्रीने शांतपणे हात पुसले. "मंग माह्याकडं काहून आले जी? टेकडीच्या गणपतीले जाऊन नारळ फोडा."

* * *

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे शंकरराव. नागपूर ते कामठी टॅक्सी चालवायचे. गाडी किती मैल चालली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण मीटर केव्हाच दमून बसलं होतं. शंकरराव बसले नव्हते.

घरी गाडी उभी केली की ते इंजिनाखाली जुना पेपर पसरत आणि सकाळी तो डागाळलेला पेपर घडी घालून मिस्त्रीकडे आणत. मिस्त्री तो उन्हात धरून बारकाईने पाहायचा. पुढचा डाग, मागचा डाग, कालच्यापेक्षा मोठा की लहान. पेपर इतकं मन लावून वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यातली बातमी एकही वाचलेली नसायची.

"रिंगा गेल्या, शंकरराव. इंजिन खोलून बोअर करा लागते," मिस्त्री दर महिन्याला सांगायचा.

"किती दिवस?"

"पंधरा."

"पंधरा दिवस यमुनाले काय सांगू?"

यमुनाबाई त्यांची बायको. दोन-तीन वर्षांत तिची नजर हळूहळू पूर्ण गेली होती. पण दुपारी नवऱ्याला गरम भाकर स्वतःच करून घालायची, हा तिचा हट्ट. कामठीतल्या त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना विणकरांचे माग. दिवसभर खटखट, खटखट. त्या गदारोळातही वळणावर टॅक्सी आली की तिला बरोबर कळायचं आणि भाकर तव्यावर पडायची. शंकरराव हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असायची. नजर गेल्यापासून तिच्या हातात स्वतःचं असं हेच एक काम उरलं होतं, असं ते एकदा मला म्हणाले आणि लगेच विषय बदलला.

* * *

आता माझी अक्कल ऐका. दुकानात एक नवं, पातळ तेल आलं. डब्यावर लिहिलं होतं की हे इंजिन आतून स्वच्छ धुऊन काढतं. मिस्त्री त्या दिवशी गावाला गेलेला. मी ते शंकररावांच्या गाडीत टाकायला लावलं आणि वर इंग्रजीतून वाचूनही दाखवलं.

चौथ्या दिवशी ते पेपर घेऊन आले, तर अग्रलेखापासून लग्नाच्या जाहिरातींपर्यंत सगळं पान काळं.

मिस्त्रीने तो पेपर माझ्यासमोर धरला. "मास्तर, त्या मळीनंच तं भोकं बुजले होते. म्हाताऱ्या माणसाले आंघोळ घालाची तं कोमट पाण्यानं घालाची. तुम्ही त्याले सोलूनच काढलं."

त्यानंतर वर्षभर मी कुठल्याही डब्यावरचं काहीही वाचून दाखवलं नाही.

* * *

गाडी धूरही सोडायची. एका सवारीने घाबरून विचारलं, "गाडी पेटली काय जी?"

"नाही जी," शंकरराव म्हणाले, "उदाचा टाइम झाला तिचा."

* * *

शेवटी ऐन मे महिन्यात मिस्त्रीने निकाल दिला. पातळ तेल काढून पन्नास नंबर टाकायचं. "उन्हाळा आहे, घट्ट तेल चालते. आवाज बसन, धूर कमी होईन. दोन वर्षं तरी इंजिन खोला लागत नाही."

आणि खरंच, गाडी अशी शांत झाली की मिस्त्रीने दोनदा बॉनेट उघडून ती चालू असल्याची खात्री केली. शंकरराव खुशीत कामठीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. हातात पेपर नव्हता.

"मिस्त्री, हे तेल काढा."

"काहून? गळून राहिलं का?"

"एक थेंब नाही."

"मंग?"

शंकरराव म्हणाले, "दारात गाडी उभी केली, उतरलो. यमुना उंबऱ्यावर बसली होती. मले म्हणते, 'कोण आलं?'"

चूल पेटलेली होती, तवा रिकामा होता. मागांच्या आवाजात तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग ती घाईघाईने उठली आणि तव्याने हात भाजून घेतला.

"पातळ तेल टाकलं तं महिन्याभरात इंजिन बसन," मिस्त्री म्हणाला. "मंग खासान काय?"

"इंजिन बसलं तं चालते गा. पण यमुनानं मले 'कोण' म्हणून इचारलं, ते नाही चालत."



मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग तेलाला हात न लावता पाना घेऊन खाली बसला आणि पुढच्या मडगार्डाचा एक नट ढिला केला. मला आणि शंकररावांना त्याने भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभं केलं आणि गाडी गल्लीतून फिरवून आणली.

"असा होता काय आवाज?"

"थोडा अजून खडखड," शंकरराव म्हणाले.

तीन फेऱ्या झाल्या. समोरचा पानवाला आमच्याकडे बघून हात जोडत होता. चौथ्या फेरीला शंकरराव डोळे मिटूनच हसले. आयुष्यभर नट कसत आलेला माणूस, पण त्या एका ढिल्या नटाचा मिस्त्रीला जो अभिमान होता, तो काही औरच होता.

त्या दुपारी कामठीत भाकर वेळेवर फुगली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांसाठी फडक्यात बांधून चार आल्या, मिरचीच्या ठेच्यासकट.

* * *

दिवाळीनंतर माझं कामठीला काम निघालं. शंकररावांच्याच टॅक्सीने गेलो. जेवल्याशिवाय सोडायला ते तयार नव्हते. वळणावर मडगार्ड खडखडलं आणि आम्ही दारात पोहोचतो तो भाकरीचा वास आलाच. शंकररावांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पाहा, आहे की नाही!

ते मागे विहिरीवर हातपाय धुवायला गेले. मी चुलीजवळ पाटावर बसलो. यमुनाबाईंनी बोटांनी चाचपून भाकर उलटली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मिस्त्रीले एक सांगजा."

"काय जी?"

"मडगार्ड लय ढिलं झालं. एखांद्या दिवशी रस्त्यात पडन. थोडं कसून द्या म्हणा."

मी मागे विहिरीकडे पाहिलं.

"अन् त्यायले नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यायले वाटते, मले इंजिनच ऐकू येते."