झाकणाखालचं कुंकू

निजामाची मोंगलाई जाऊन आमच्याकडं नव्या मराठी शाळा निघत होत्या तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धाराशिवला माझी मुलाखत होती, मास्तरीणबाईच्या जागेसाठी. दुपारच्या आत पोचले नाही तर जागा दुसरीला जाणार. तामलवाडीहून नेणार होती आमचीच जुनी, अण्णा भाड्यानं फिरवायचे ती मोटार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुढून ह्यांडल मारलं. परत मारलं. मोटार ढिम्म! सकाळची सर्व्हिस गाडी तर कधीच घाट चढून गेली होती.

अण्णांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. आत दोन बारके पाइंट उघडमीट करतात, तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. त्या पाइंटांवर हळद-कुंकवाचा लगदा!

“कुणी केलं ह्ये?”

“म्या,” आई म्हणाली. “तुमीच म्हनला व्हता, मोटारीचा जीव त्या डबीत हाय. खंडेनवमीला समद्या हत्यारांना कुंकू लावलं, मग जिवालाच नको व्हय? पोरीचं काम व्हावं म्हून जरा जास्तच लावलं.”

“जास्तच झालं की मग!” मी भडकले आणि लगेच रडूही कोसळलं. शाळा हातची चालली होती, दुसरं काही सुचत नव्हतं.

अण्णा मात्र हसायला लागले. “रडू नगंस. ये हिकडं, दिवा धर.”

त्यांनी पाइंट पुसले, कानशीनं घासले, पोस्टकार्ड दुमडून मधली फट मापली. फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं, म्हणून तेही नव्यानं लावायचं होतं. तारेला जोडलेला बारका दिवा माझ्या हातात. ह्यांडल हळूहळू फिरवून अण्णांनी पुलीवरची खूण जागेवर आणली, आणि आईला म्हणाले, “बिघडवलं तूच, आता फिरव तूच.” आईनं भीतभीत डिस्ट्रिब्युटर थोडा वळवला. पाइंट उघडले की दिवा लागणार होता. मी दिव्याकडं टक लावून बघत होते.

“लागला! आई, थांब!”

अण्णांनी तिथंच बोल्ट आवळला. पहिल्याच ह्यांडलला मोटार सुरू झाली, आणि आईनं इंजनालाच हात जोडले.

घाटात चढ लागला तसं इंजन खडखड वाजायला लागलं. माझा जीव पुन्हा टांगणीला.

“ठिणगी लई घाई करतीया,” अण्णा म्हणाले, “ह्या पोरीवानी.” मागं बसलेली आई खुदकन हसली. माझं तोंड फुगलं. त्यांनी उतरून डिस्ट्रिब्युटर केसभर मागं घेतला आणि खडखड थांबली. तुळजापूर मागं पडलं, तशी मी पदरानं तोंड पुसून घेतलं. मुलाखतीला माझं नाव पुकारलं तेव्हा मी दारात उभी होते!

जागा मिळाली. पुढच्या खंडेनवमीला आईनं मोटारीला कुंकू लावलं, पण बॉनेटवर, वरूनच. मग माझ्या खडूंची डबी समोर घेऊन बसली. बोट कुंकवात बुडवलं आणि थबकली.

“हिचं झाकन उघडू का गं?”

“उघड,” मी म्हटलं.