चांगोकाकाच्या सिनेमात आई मरत नाही

लहानपणी कुठले सिनेमे पाहिलेस असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगते, सगळे! खरं म्हणजे थिएटरात जाऊन एकही नाही. आम्ही पळसदरीच्या पोरींनी सिनेमे ऐकले, तेही गुडघाभर चिखलात वाकून, हातात भाताच्या रोपांची मूठ घेऊन. आणि आम्हांला ते ऐकवले चांगोकाकानं.

चांगोकाका म्हणजे गावातला एक साधा शेतकरी. दोन खाचरं, एक बैलजोडी आणि गौराबाईसारखी तोंडाळ पण मायाळू बायको. बाकी कशात त्याचं नाव निघालं नसतं. पण गड्याला सिनेमाचं वेड भारी. रविवार आला की केसांना तेल चोपडून, कॉलरवाला बुशशर्ट चढवून तो कर्जतला जायचा, टॉकीजला सहाचा खेळ बघायचा आणि खोपोलीकडच्या गाडीनं परत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव त्याची वाट बघत असायचा.

कारण आवणी, म्हणजे भाताची लावणी, आमच्याकडे एकमेकांच्या शेतावर जाऊन होते. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. ज्याच्या खाचरात चांगोकाका, त्याच्याकडे बोलावणं न करता बाया-पोरी हजर! पाऊस कोसळतोय, डोक्यावर पानांची इरली आहेत, कंबरा मोडल्यात आणि बांधावर चांगोकाका एकटाच हिरो, हिरोईन, खलनायक, घोडा, रेल्वे असं सगळं होऊन नाचतोय. खलनायकाला तो आवाज असा काढायचा की माझ्या हातातली मूठ खाली पडायची. गाणीसुद्धा म्हणायचा. गळा बेसूर, पण सांगणार कोण?

सिनेमा किती लांब हे खाचरावर ठरायचं. खाचर लहान असलं की खलनायक जेवणाच्या आधी पकडला जायचा. मोठं असलं की खलनायकाला मध्येच एक जुळा भाऊ निघायचा. एकाच सिनेमाचे दोन खाचरांत दोन शेवट ऐकून आम्ही पोरी भांडायचो, पण आपापल्या शेवटावर ठाम असायचो.

एक नियम मात्र कधी मोडला नाही, आणि तो केला होता कोंडीमावशीनं. एकदा काकाच्या सिनेमातली म्हातारी आई मरायला टेकली होती. कोंडीमावशी ताठ उभी राहिली. हातातली रोपं चिखलात टाकली आणि म्हणाली, "म्हातारी मेली तं मी चालले घरला. मंग बस तूच लावत!" तिच्यामागं सगळ्या बाया उभ्या राहिल्या. चांगोकाका काय करतो बिचारा? त्यानं म्हातारीला जिवंत केलं. त्या दिवसापासून आमच्या गावात एकाही सिनेमातली आई मेली नाही.

आता खरी गंमत सांगते. सहाचा खेळ सुटायच्या आधीच काकाची गाडी सुटायची, आणि ती चुकली तर फलाटावर ताटकळत बसायला लागायचं. म्हणजे काकानं एकाही सिनेमाचा शेवट कधी पाहिलाच नव्हता! सगळे शेवट त्याच्या डोक्यातले आणि बायांच्या हट्टातले. इतकं साधं गणित गावात कुणीही मांडलं नाही. गौराबाईला माहीत होतं, पण ती जगाशी भांडली तरी नवऱ्याचं गुपित फोडणारी नव्हती.

फुटलं ते हर्षलाच्या लग्नानंतर. हर्षला माझी जिवाभावाची मैत्रीण, लोधिवलीला दिली. तिच्या सासरी टीव्ही होता. नव्या नवरीचे दिवस, टीव्हीवर दोन भावांचा एक जुना सिनेमा लागलेला, आणि ही सगळ्यांना ठसक्यात सांगायला लागली की शेवटी आई वाचते, माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं. झालं! टीव्हीतल्या आईला गोळी लागली आणि ती मोठ्या मुलाच्या मांडीवर गेली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगळं घर हसलं. पुढं कित्येक दिवस आल्यागेल्याला तीच गोष्ट.

हर्षला माहेरी आली ती तडक काकाच्या अंगणात. "काका, माझं नाक कापलंस! सासरी म्हनतात, तुज्या गावात शिनेमा पन खोटा दावतात!"

काका बैलांना वैरण टाकत राहिला. आता गाडीचं गणितही सगळ्यांना सुचलं, गावात हसं झालं, पोरंटोरं त्याला 'अर्धा सिनेमा' म्हणायला लागली. पुढच्या आवणीला बायांनी कितीदा गळ घातली, पण तो मान खाली घालून रोपं लावत राहिला. पस्तीस वर्षं त्यानं एक सिनेमा सांगितला नाही. मला त्या हसणाऱ्यांचा तेव्हाही राग यायचा, अजून येतो. इतकी वर्षं ज्यानं दुसऱ्यांना सिनेमे रंगवून सांगितले, त्याला एका टीव्हीच्या डब्यानं खोटारडा ठरवावं?

गेल्या साली साखरचौथीच्या, म्हणजे भाद्रपदातल्या संकष्टीच्या, गणपतीला आमच्या मंडळाच्या योगेंद्रनं टूम काढली, की आपल्या आईबापांच्या काळातला एक सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा. सिनेमा निवडला नेमका तोच, दोन भावांचा. गावाबाहेर गेलेले, सासरी गेलेल्या, सगळे आले. हर्षला तर सासूबाईंना हात धरून घेऊन आली होती. सत्तरी ओलांडलेला चांगोकाका एकदम मागं, खांबाला टेकून बसला होता. गौराबाईनं ओढत आणलं म्हणून आला होता.

सिनेमा रंगला. पोरं मोबाइल विसरली. शेवटी गोळी सुटली, आई पडली, मुलाच्या मांडीवर डोळे मिटले, 'समाप्त' आलं. एरवी टाळ्या पडल्या असत्या. त्या दिवशी आम्ही पन्नाशीच्या बाया एकमेकींकडं बघत राहिलो. काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटत होतं.

आणि हर्षला उभी राहिली. भर मंडपात, सासरच्या माणसांसमोर. "हा आमचा शेवट नाय!" ती ओरडली. "काका, आमचा सांग!"

सगळ्या माना मागं वळल्या. चांगोकाका अवघडला. "जाऊ दे गं पोरी. खरा हाय तो खरा हाय."

"तो असंल खरा. मी तवा चुकले, काका. आमी तुजा ऐकून मोठ्या झालो. आमाला तोच पायजे."

मग आम्ही सगळ्याच ओरडायला लागलो. योगेंद्रनं माइक पुढं केला, तर गौराबाईनं तो बाजूला ढकलला. "माइक कशाला? याचा आवाज धरनापतूर जातो. ऊठ रं!"

काका उठला. गुडघे करकरले असतील, पण पडद्यासमोर येईपर्यंत त्याची चाल बदलली. खांदे मागं गेले, भुवया चढल्या, आणि खलनायक बोलायला लागला! पुढच्या रांगेतलं एक पोर घाबरून आईच्या कुशीत शिरलं. गोळी सुटली. आईच्या डोक्यावर तांब्याचा हंडा होता, तो तिनं पुढं धरला.

"टण्ण!" काका नव्हे, आम्ही सगळ्या बाया एका सुरात.

गोळी उलटी फिरली, खलनायक घसरला, गळ्यापर्यंत चिखलात गेला. दोघा भावांनी त्याला कानाला धरून बाहेर काढलं, हातात रोपांची मूठ दिली आणि अख्खं खाचर एकट्याला लावायला लावलं. बांधावर बसून आई सांगतेय, "ती ओळ वाकडी गेली, काढ, परत लाव!" आणि काका कमरेत वाकून, कण्हत कण्हत, ओळ काढून परत लावतोय. मंडप हसून लोळत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं.

टाळ्या थांबेनात. पोरं ओरडत होती, अजून एक, अजून एक! त्या गलक्यात हर्षलाच्या सासूबाई, ज्या पस्तीस वर्षांपूर्वी पदराआड हसल्या होत्या, काठी टेकत पुढं आल्या. काकासमोर उभ्या राहिल्या. त्याच्याकडं नीट बघितलं.

"मंग आमच्या टीव्हीवर चुकीचाच दावला म्हनायचा," त्या म्हणाल्या.

चांगोकाकानं सगळ्या गावादेखत बुशशर्टाची कॉलर ताठ केली.