बाभळीच्या फांदीची खूण

महिपती कांबळे बावीस वर्षं हडपसरच्या एका फाउंड्रीत होते. साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगावर हातोडी मारायची आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. भरीव नग खणखणतो. आत पोकळी असेल तर बद्द वाजतो. नव्वदनंतर कारखाना बंद पडला आणि त्या जागी काचेची आयटी इमारत आली. महिपतींना वाटलं, आता आपल्या कानाला काम नाही.

पुढे नदीकाठी सायकल ट्रॅक झाला. त्याच्या तोंडाशी त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलं. काचेच्या इमारतीतली मुलं रविवारी तिथं येत. त्यांच्यातल्या पूर्वाला वयाच्या सव्विसाव्या वर्षी सायकल शिकवली ती त्यांनीच. "पायांकडे बघू नकोस. ते कुठं पळून जात नाहीत." शिकल्यावर ती सगळ्यांच्या आधी, सकाळी सहाला येऊ लागली. पुलाखालच्या उतारावर ब्रेकला हात लावायची नाही.

"ब्रेक काय शोभेला ठेवलेत?" महिपती विचारत. ती हसायची.

त्या ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. तीन दिवस ट्रॅक नदीच्या पोटात होता. पाणी ओसरलं तेव्हा गुडघाभर गाळ उरला आणि कठड्याला चिंध्या लोंबत होत्या. महिपती पहार घेऊन निघाले. दर दोन पावलांवर पहार आपटायची आणि ऐकायचं. पुलाखाली उतार संपतो तिथं ती बद्द वाजली. वरचं काँक्रीट शाबूत होतं, खालची माती नदीनं नेली होती. त्यांनी बाभळीची फांदी तोडून तिथं आडवी टाकली. रस्त्यात फांदी दिसली की पुढं धोका आहे, हे त्यांच्या पिढीत कुणाला सांगावं लागत नसे.

शनिवारी त्याच इमारतीतल्या रोहनच्या सायकल ग्रुपनं सफाई मोहीम काढली. चाळीस मुलांनी दिवसभर गाळ उपसला. रात्री ग्रुपवर फोटो आला, 'ट्रॅक खुला.' महिपतींनी तो पाहिला रविवारी पहाटे, चहा पिताना. ट्रॅक लख्ख होता. फांदी नव्हती.

पावणेसहा झाले होते. पूर्वा फोन उचलेना. सायकलवर असली की ती उचलत नसे. महिपतींनी पहार सायकलला बांधली आणि चहा तसाच टाकून निघाले.

पुलाखाली टाकायला एक काटकीही उरली नव्हती. मुलांनी काम चोख केलं होतं. त्यांनी पहार सोडवून घेतली, आपली सायकलच पोकळ जागेवर आडवी घातली आणि पहार टेकत धापा टाकत उतार चढले. माथ्यावर हात पसरून उभे राहिले. तेवढ्यात पूर्वा आली. करकचून ब्रेक लागला.

"काका, मरायचंय का?"

"मला नाही."

"अहो, ट्रॅक खुला झालाय. रोहननं फोटो टाकलाय."

"ये. ऐक."

खाली भक्कम जमिनीवर उभं राहून त्यांनी पहार लांबवून आपटली. बद्द. दुसरा घाव त्यांच्याही अंदाजापेक्षा जड पडला. काँक्रीटचा तुकडा कलला आणि सायकलीसकट नदीत गेला. पूर्वा गढूळ पाण्याकडे बघत तिथंच खाली बसली.

सातला रोहन आला. भगदाड बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, बोर्ड तरी लावायचा."

"लावला होता. तू कचऱ्याच्या ट्रकात भरलास."

"ती फांदी?"

"ती फांदी."

पूर्वा अजून पाण्याकडेच बघत होती. "काका, तुमची सायकल."

"एकतीस वर्षं उभ्यानं राबली. आज आडवी पडून कामाला आली." महिपतींना स्वतःचंच नवल वाटलं. वाईट वाटत नव्हतं. पोर समोर बसली होती. कारखान्यानं सोडलेला कान नदीनं केलेली पोकळी ऐकू शकला होता. आणखी काय हवं?

पुढच्या रविवारी सायकली कुणी काढल्या नाहीत. भगदाडापाशी नवी फांदी पडली होती, तिला पूर्वाची लाल ओढणी बांधलेली. तिथून पुढं मुलं दर दोन पावलांवर पहार आपटत होती. महिपती स्टुलावर डोळे मिटून ऐकत होते.

"भरीव," पूर्वा म्हणाली.

"पुन्हा आपट," महिपती म्हणाले.