बाजूच्या रुळावरची पॅसेंजर

आकाराम कराडच्या खालच्या अंगाला एका लहान स्टेशनावर सांधेवाला होता; खटका ओढून गाड्या एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा. गावकरी त्याची थट्टा करायचे, "बैल वळत न्हाई गड्या तुला, अन् इंजान वळवतोस." तो नुसता हसायचा. त्या कामाचा त्याला अभिमान होता.

१९४३ साली त्याची लेक हरणाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या, पण दिवस उजाडला तरी सुटका होईना. सुईणीनं हात टेकले. जावई नाथाजीनं कराडच्या डॉक्टरकडे न्यायला बैलगाडी जुंपली, ती आकारामनं सोडायला लावली. खड्ड्यांच्या रस्त्यात पोरीला हिसके सोसणार नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"पाशिंजर सरळ मिरजंला जाती, जावईबापू. तितं मोठा दवाखाना हाय. आपलीच गाडी हाय ती."

मार्ग एकेरी. समोरून गाडी येत असली की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागे. एरवी मालगाडी थांबायची. लढाईच्या दिवसांत ते उलटं झालं होतं. पलटणीचा माल आधी.

मिरजेकडून असाच माल येत होता, म्हणून स्टेशनमास्तरांच्या हुकमानं आकारामनं पॅसेंजर बाजूला घेतली. मग लेकीला उचलून डब्यात निजवलं.

ताडपत्रीनं झाकलेल्या तोफा आणि खेचरं घेऊन मालगाडी निघून गेली. आकाराम सांध्याकडे धावला, तर मास्तरांनी हाक मारली. मागोमाग दुसरी येत होती. त्यांनी फोनवर विनवून पाहिलं, पण ती केव्हाच पुढच्या स्टेशनातून सुटली होती.

नाथाजी डब्यातून खाली उतरला. "मामा, आजून बैल जुपू का?"

आकारामनं रुळाकडे पाहिलं. "आता निघंल. जरा दम धरा."

दुसरी गाडी दिसण्याआधीच डब्यातल्या बायकांचं रडणं ऐकू आलं. आकारामच्या हातात हिरवा बावटा होता. मालगाडी पुरती निघून जाईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.

हरणाबाईला फलाटावर उतरवलं. पोटातलं बाळही गेलं होतं. नाथाजी सासऱ्याकडे बघेना. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, तू बस, मी बघतो. पण त्यांना फोनपासून हलता येत नव्हतं आणि पॅसेंजर माणसांनी भरून उभी होती.

लेकीच्या उशाशी बसलेला आकाराम उठला. सांध्यापाशी जाऊन त्यानं खटका ओढला, आणि पॅसेंजर मिरजेकडे निघाली.